बाळ पिवळं दिसतंय? आधी तास मोजा

पूर्ण दिवसांच्या दहापैकी साधारण सहा आणि अपुऱ्या दिवसांच्या दहापैकी आठ बाळांना पहिल्या आठवड्यात थोडीफार कावीळ होते. बहुतेकांची आपोआप ओसरते. त्यामुळे घरातली जाणती माणसं ‘होतेच ती, जाईल’ म्हणतात आणि पुष्कळदा ते खरंही ठरतं. काळजी आहे ती उरलेल्या थोड्या बाळांची. त्यांच्या रक्तातलं बिलिरुबिन, म्हणजे कावीळ आणणारा पिवळा पदार्थ, इतकं चढतं की ते मेंदूत शिरतं आणि तिथे झालेली इजा पुढे भरून येत नाही. ही बाळं जन्मतः वेगळी ओळखू येत नाहीत. त्यातच कावीळ सर्वांत जास्त असते ती तिसऱ्या ते पाचव्या दिवशी, आणि नैसर्गिक बाळंतपण झालं असेल तर तोवर बाळ-बाळंतीण घरी पोचलेली असतात. म्हणून ४८ तासांच्या आत घरी आलेलं बाळ पुढच्या एक-दोन दिवसांत पुन्हा दाखवायलाच हवं. आशाताईंची पहिली गृहभेट तिसऱ्या दिवशी असते, तीही याच मोक्याच्या वेळी येते.

बिलिरुबिन हा रक्तातल्या लाल पेशी मोडल्यावर उरणारा पिवळा पदार्थ. एक ग्रॅम हिमोग्लोबिन मोडलं की सुमारे ३५ मिलिग्रॅम बिलिरुबिन तयार होतं. मोठ्या माणसाची लाल पेशी १२० दिवस टिकते, नवजात बाळाची ७० ते ९० दिवस, आणि बाळाच्या रक्तात अशा पेशी असतातही जास्त. बिलिरुबिन पाण्यात विरघळत नाही. यकृतातलं एक विकर, म्हणजे एन्झाइम, त्याला विरघळण्याजोगं करतं आणि मग ते पित्तावाटे आतड्यात उतरतं. जन्माच्या वेळी या विकराची ताकद मोठ्या माणसाच्या जेमतेम एक टक्का असते. त्यात बाळाला दूध कमी मिळालं आणि पहिली काळी शी आतड्यात रेंगाळली, तर खाली उतरलेलं बिलिरुबिन पुन्हा रक्तात शोषलं जातं. उत्पादन जास्त, निचरा कमी आणि वर ही परतफेरी, असा हा हिशेब आहे.

कावीळ बघायची ती दिवसाच्या उजेडात. बाळंतिणीची खोली अंधारी ठेवण्याची आपल्याकडची रीत इथे आड येते, कारण पिवळ्या दिव्याखाली पिवळेपणा कळतच नाही. बाळाला खिडकीजवळ न्यावं, कपडे काढावेत, कपाळावर आणि छातीवर बोटाने हलकं दाबून सोडावं आणि क्षणभर फिकट पडलेल्या त्वचेचा रंग पाहावा. सावळ्या बाळाच्या हिरड्या आणि डोळ्यांचा पांढरा भागही बघावा. कावीळ चेहऱ्यावरून खाली उतरत जाते. चेहऱ्यापुरती असेल तर बिलिरुबिन डेसिलिटरला साधारण ५ मिलिग्रॅम, बेंबीपर्यंत आली तर १०च्या आसपास, आणि तळहात-तळपाय पिवळे झाले तर १५च्या वर, असा ढोबळ अंदाज १९६९ साली क्रेमर यांनी मांडला. हा अंदाज अनुभवी नजरेलाही फसवतो. त्यावरून बाळाला दवाखान्यात न्यायचं की नाही ते ठरवावं, उपचार नव्हे. पायांपर्यंत उतरलेली कावीळ असेल तर त्याच दिवशी रक्त तपासावं. त्वचेवर टेकवून मोजणारं यंत्र असेल तर सुईशिवाय चाचपणी होते, पण तो आकडा उपचाराच्या रेषेजवळ आला की रक्ताचीच तपासणी लागते.

‘बिलिरुबिन १२ आहे, हे जास्त का?’ या प्रश्नाला बाळाचं वय कळल्याशिवाय उत्तर नाही, आणि वय तासांत हवं. ब्रिटनच्या राष्ट्रीय मार्गदर्शक तक्त्यात ३८ आठवडे पूर्ण झालेल्या बाळाला प्रकाशोपचार (निळ्या दिव्याखाली ठेवण्याचा उपचार) सुरू करण्याची रेषा २४ तासांना सुमारे १२, ४८ तासांना सुमारे १५ आणि ९६ तासांनंतर सुमारे २० मिलिग्रॅम आहे. म्हणजे तोच १२ पहिल्या दिवशी उपचाराचा आकडा, तर पाचव्या दिवशी नुसती नजर ठेवण्याचा. ३५-३६ आठवड्यांच्या बाळासाठी रेषा आणखी खाली येते. ही बाळं वजनाने बरी दिसतात, पण लवकर दमतात आणि पुरेसं ओढत नाहीत, म्हणून त्यांच्याकडे जास्त लक्ष हवं. पहिल्या २४ तासांत दिसलेली कावीळ मात्र कधीच साधी समजू नये. पहिल्या दिवशी ताशी ०.३ किंवा नंतर ताशी ०.२ मिलिग्रॅमच्या वेगाने आकडा चढत असेल, तर लाल पेशी भराभर फुटत आहेत असं धरून कारण शोधतात.

कारणांत पहिलं रक्तगटाचं. आई आरएच निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असेल तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत आईला अँटी-डी इंजेक्शन द्यायचं असतं. ते या बाळासाठी नसून पुढच्या बाळाच्या रक्षणासाठी असतं, म्हणून राहून जाण्याची शक्यता जास्त. आई ओ गटाची आणि बाळ ए किंवा बी गटाचं असेल तरी पेशी फुटू शकतात. दुसरं कारण लाल पेशींना जपणाऱ्या जी-सिक्स-पीडी या विकराची कमतरता. ती मुलग्यांत अधिक आढळते आणि अशा बाळाला डांबरगोळ्यांची वाफसुद्धा पुरते. ट्रंकेत डांबरगोळ्यांसोबत जपून ठेवलेली थोरल्या भावंडाची झबली, टोपडी, दुपटी तशीच काढून बाळाला घातली की नाकातून आणि त्वचेतून नॅफ्थलीन शरीरात जातं आणि लाल पेशी झपाट्याने फुटतात. बाळाच्या कपड्यांत या गोळ्या ठेवूच नयेत. आधीच्या भावंडाला प्रकाशोपचार लागला असेल, किंवा जन्मताना डोक्यावर रक्ताची गाठ आली असेल, तर तेही डॉक्टरांना आपणहून सांगावं.

घरचा सर्वांत मोठा उपाय म्हणजे अंगावरचं दूध, दिवसरात्र मिळून ८ ते १२ वेळा. चिकाने शी लवकर होते आणि बिलिरुबिन बाहेर पडतं. ग्लुकोजचं पाणी, मध किंवा गुटी दिल्याने पोट भरतं, दूध मागे पडतं आणि कावीळ वाढते. पाचव्या दिवसापासून २४ तासांत सहा-सात वेळा लघवी आणि पिवळी शी होत असेल तर दूध पुरतंय असं समजावं. आईने हळद किंवा पिवळे पदार्थ सोडून काहीही साधत नाही, तिचा आहार मात्र तुटतो. गळ्यात घातलेल्या काविळीच्या माळेने बिलिरुबिन उतरत नाही, आणि माळेच्या भरवशावर गेलेला दिवस परत मिळत नाही.

आता उन्हाविषयी. १९५६ साली इंग्लंडमध्ये एसेक्समधल्या रॉचफर्ड रुग्णालयात सिस्टर जीन वॉर्ड अपुऱ्या दिवसांच्या बाळांना उन्हात न्यायच्या. अशाच एका बाळाच्या अंगावर बाकी त्वचा उजळलेली आणि चादरीखाली झाकलेला त्रिकोणी तुकडा गडद पिवळा दिसला. पुढे उन्हात राहून गेलेल्या रक्ताच्या नमुन्यातलं बिलिरुबिनही घटलेलं निघालं. डॉक्टर क्रेमर (अंदाज मांडणारे क्रेमर निराळे) आणि सहकाऱ्यांनी १९५८ साली दिव्यांखालच्या उपचाराचे निष्कर्ष छापले. आजही बिलिरुबिनसाठी घेतलेला रक्ताचा नमुना प्रयोगशाळेत उजेडापासून झाकून न्यावा लागतो, नाहीतर आकडा खोटा कमी येतो.

मग ऊनच का नको? काम करतो तो ४६० ते ४९० नॅनोमीटर तरंगलांबीचा निळा प्रकाश. तो बिलिरुबिनच्या रेणूचा आकार बदलतो आणि यकृताच्या मदतीशिवाय ते पित्तातून, लघवीतून बाहेर पडतं. उन्हात हा प्रकाश असतो, पण सोबत अतिनील किरण आणि उष्णताही असते. उघडं बाळ पाच-दहा मिनिटांत तापतं किंवा गारठतं, आणि तेवढ्या वेळात उपचाराचा डोस भरत नाही. नायजेरियात अतिनील आणि उष्ण किरण गाळणाऱ्या खास पडद्यांखाली, परिचारिकांच्या देखरेखीत उन्हाचा उपचार यशस्वी झाला आहे. गच्चीतल्या कोवळ्या उन्हाशी त्याची तुलना होत नाही.

दिव्याखाली बाळाला फक्त लंगोट आणि डोळ्यांवर पट्टी असते. पट्टी घसरून नाकावर येत नाही ना, हे सतत बघावं लागतं. जोरकस उपचारासाठी प्रत्येक चौरस सेंटीमीटरला, प्रत्येक नॅनोमीटरमागे किमान ३० मायक्रोवॅट प्रकाश लागतो. दिवा डोळ्यांना निळा दिसला म्हणजे तो पुरेसा आहे असं नाही. जुन्या नळ्या दिसायला तशाच राहून क्षीण होतात, म्हणून मापकाने मोजतात. दिवा लांब सरकवला, थंडी वाजेल म्हणून बाळावर दुपटं टाकलं, दूध पाजायला म्हणून तासभर बाहेर ठेवलं, तर आकडा उतरत नाही. पाजायला अर्धा तास पुरे. शी पातळ, हिरवट होते. तो उपचाराचाच परिणाम आहे. दिव्याखाली त्वचा उजळते, त्यामुळे ‘आता पिवळा नाही’ हे डोळ्यांनी ठरवू नये, रक्तच तपासावं. दिवे बंद केल्यावर आकडा पुन्हा चढू शकतो, तेव्हा पुढच्या दिवशीची तपासणीही टाळू नये.

प्रकाशाने भागलं नाही तर रक्तबदल. नाळेच्या शिरेतून थोडं थोडं रक्त काढत आणि भरत, किलोमागे साधारण १६० मिलिलिटर, म्हणजे बाळाच्या एकूण रक्ताच्या दुप्पट रक्त बदलतात. बाळ सुस्त झालं, ओढेनासं झालं, अंग लुळं पडलं, किंवा उलट मान-पाठ मागे ताणून किंचाळल्यासारखं रडू लागलं, तर बिलिरुबिन मेंदूपर्यंत पोचतंय. अशा वेळी एक तासही घरी थांबू नये. यातून वाचलेल्या मुलांना पुढे बहिरेपण आणि हातापायांच्या अनावर हालचाली राहू शकतात.

दोन आठवडे उलटूनही पिवळेपणा असेल तर बहुतेकदा तो अंगावरच्या दुधाशी निगडित आणि निरुपद्रवी असतो; दूध तोडायचं नाही. पण शी पांढरट, मातकट होत असेल आणि लघवीने लंगोट पिवळा होत असेल, तर पित्तनलिका बंद असण्याची शंका घ्यावी. अशा वेळी एकूण बिलिरुबिनसोबत ‘डायरेक्ट’, म्हणजे यकृताने विरघळण्याजोगं केलेलं, बिलिरुबिनही मोजायला सांगावं. यावरची शस्त्रक्रिया जपानच्या मोरिओ कासाई यांनी शोधली. ती ६० दिवसांच्या आत झाली तर पित्त वाहू लागण्याची शक्यता जास्त, आणि उशीर होईल तसं यकृत कडक होत जातं. म्हणून पंधराव्या दिवशी पिवळ्या बाळाचा लंगोट टाकून देण्याआधी शीचा रंग पाहावा, फोटो काढावा आणि तो घेऊन बालरोगतज्ज्ञांकडे जावं.