पिवळ्या छटांचा शेफ्लेरा : तैवानच्या रानातून बडोद्याच्या गॅलरीत

बडोद्यातील मराठी घरांमध्ये तुळस, मोगरा आणि जास्वंद यांच्या रांगेत अलीकडे हटकून दिसणारी कुंडी म्हणजे बुटक्या छत्रीझाडाची. देठाच्या टोकावरून छत्रीच्या काड्यांप्रमाणे पसरलेल्या पर्णिका आणि त्यांच्या हिरव्या रंगावर उमटलेले पिवळे वा दुधी शिंतोडे, एवढ्यावरून ते ओळखता येते. रोपवाटिकेत त्याला नुसते 'शेफ्लेरा' म्हणतात.

फुलांपेक्षा पानांसाठी झाड जोपासण्याची हौस या शहराला नवी नाही. सयाजीराव महाराजांनी 1879 साली सयाजीबाग उभारली आणि 1893 मध्ये क्रुम्बिगेल हे जर्मन उद्यानतज्ज्ञ लंडनच्या क्यू उद्यानातील अनुभव घेऊन बडोदे संस्थानच्या सेवेत आले. पुढे ते बंगळूरच्या लालबागेत गेले. मात्र त्यांनी बडोदे सोडले तेव्हा या झाडाला शास्त्रीय नावही मिळालेले नव्हते.

ते नाव 1916 साली जपानी वनस्पतिशास्त्रज्ञ बुन्झो हायाता यांनी दिले. तैवान, म्हणजे तेव्हाचे फॉर्मोसा, त्या काळी जपानच्या ताब्यात होते आणि तेथील वनस्पतींची नोंद करण्याचे काम हायाता करीत होते. त्यांनी झाडाला 'हेप्टाप्ल्युरम' या प्रजातीत, म्हणजे जवळच्या जातींच्या गटात, घातले. नंतर ते 'शेफ्लेरा' प्रजातीत हलवण्यात आले. कॅप्टन कुकच्या दुसऱ्या सफरीत सहभागी झालेल्या फॉर्स्टर पितापुत्रांनी 1776 मध्ये ही प्रजाती न्यूझीलंडच्या एका झाडावरून स्थापली होती. 2020 च्या फेरमांडणीत आशियातील जाती पुन्हा हेप्टाप्ल्युरममध्ये गेल्या, म्हणजे शंभर वर्षांनी हायाता यांचेच म्हणणे मान्य झाले. रोपवाटिकेतील नाव मात्र बदलेल असे वाटत नाही, आणि बदलू नये हेच ग्राहकाच्या सोयीचे.

जातीच्या नावातील 'आर्बोरिकोला' या लॅटिन शब्दाचा अर्थ 'झाडावर राहणारी' असा आहे. तैवान आणि हैनान येथील रानांत हे झुडूप जमिनीवर वाढते, तसेच दुसऱ्या झाडांच्या खोडांवरही मूळ धरते. तेथे मुळांना ओल मिळते, पण पाणी साचत नाही. कुंडीत ते माणसाच्या दुर्लक्षाने मरते त्याहून जास्त वेळा अतिप्रेमाने, रोज घातलेल्या पाण्याने मरते, त्याचे कारण हेच. वरची दोन बोटे माती कोरडी झाल्यावरच पाणी द्यावे, कुंडीच्या तळाचे भोक मोकळे असावे आणि विश्वामित्री नदी दुथडी भरून वाहते त्या दिवसांत कुंडीखालची बशी काढून ठेवावी.

बडोदे आणि तैवानचे दक्षिण टोक जवळपास एकाच अक्षांशावर, 22 अंश उत्तरेला येतात. त्यामुळे या झाडाला दिवसाची लांबी वा हिवाळ्यातील सौम्य थंडी परकी नाही. परकी आहे ती एप्रिल-मेमधील कोरडी लू. थंड देशांसाठी लिहिलेल्या पुस्तकांतील 'खिडकीतील ऊन द्या' हा सल्ला येथे वैशाखात उलटा फिरतो. पानांच्या फिकट भागात हरितद्रव्य कमी असल्याने कडक उन्हात हे भाग आधी करपतात. पूर्वेची गॅलरी किंवा जाळीखालचा उजेड पुरेसा होतो. कोरड्या हवेत पानांमागे लाल कोळी आणि देठांवर खवले कीड येते, म्हणून ओल्या फडक्याने पाने दोन्ही बाजूंनी पुसावीत.

पिवळ्या छटांचा उगम वाढत्या शेंड्यातच असतो. त्यातील पेशींच्या काही थरांत हरितद्रव्य तयार होते, काहींत होत नाही. ही घडण बियांतून पुढे जात नाही, त्यामुळे दारोदारचे प्रत्येक छटादार रोप कोणत्या तरी आधीच्या रोपाच्या फांदीचे कलम असते. मधूनच एखादी फांदी पूर्ण हिरवी फुटते. जास्त अन्न तयार करणारी ही फांदी जोमाने वाढते, आणि वेळीच बुडापासून छाटली नाही तर वर्ष-दोन वर्षांत साऱ्या झाडावर पसरते. पुष्कळजण ती टवटवीत म्हणून जपतात आणि पुढे 'रंग गेला' म्हणून रोपवाटिकेशी भांडतात. अंधाऱ्या कोपऱ्यातही छटा मंदावतात आणि देठ लांबतात. तेव्हा शेंडा खुडून कुंडी उजेडाकडे सरकवावी.

झाडाच्या चिकात आणि पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. पान चावल्यास तोंडाची आग होते, म्हणून रांगणारे मूल वा मांजर असलेल्या घरात कुंडी उंचावर ठेवावी आणि छाटणीनंतर हात धुवावेत.