ठरलेला बेत सोडायला किती वेळ लागला?

दहाएक जवानांच्या सेक्शनचा कमांडर बहुधा हवालदार किंवा नाईक असतो. वरून आदेश येतो, पण वाट बंद निघाली की पुढचा निर्णय त्यालाच घ्यावा लागतो. ऐनवेळी बेत बदलण्याची ही क्षमता कागदावर मोजणं अवघड आहे.

१९६१ पासून सैनिक स्कूल असलेल्या साताऱ्यात एसएसबीचा, म्हणजे लष्करी अधिकारी निवडणाऱ्या मंडळाच्या लेखी चाचण्यांचा, साचा अनेक मुलांना पाठ असतो: ६० शब्दांवर प्रत्येकी १५ सेकंदांत एकेक वाक्य, आणि ६० प्रसंगांत काय कराल ते ३० मिनिटांत. वेळ मुद्दाम तोकडा, म्हणजे मनात पहिलं येतं तेच उतरावं. तरी सराव केलेलं उत्तर निसटून येतंच.

मानसशास्त्रात विस्कॉन्सिन पत्ते-चाचणी नावाची एक जुनी चाचणी आहे. पत्ते रंग, आकार किंवा संख्येनुसार लावायचे. नियम सांगत नाहीत, फक्त 'बरोबर' किंवा 'चूक'. सलग १० बरोबर आले की परीक्षक न सांगता नियम बदलतो. इथे एकूण चुकांपेक्षा जुन्याच नियमाला चिकटून केलेल्या चुका जास्त बोलक्या असतात.

मैदानावरही हेच करता येतं. समजा, परीक्षा देणाऱ्या कमांडरला अजिंक्यताऱ्याच्या उतारावरून स्ट्रेचरवरचा 'जखमी' ४५ मिनिटांत खाली आणायचा आहे. काम सुरळीत चाललेलं असताना, विसाव्या मिनिटाला वायरलेसवर निरोप द्या: खालची वाट बंद. आधीच गोंधळ उडाला असेल तर निरोप थांबवा, कारण मग माणूस बेत कशामुळे बदलतोय ते कळत नाही. आता स्टॉपवॉच लावून तीन गोष्टी टिपा: निरोपानंतर पहिला प्रश्न कधी विचारला, पहिला नवा हुकूम कधी दिला आणि मधल्या वेळात जुना हुकूम किती वेळा पुन्हा दिला. नव्या हुकुमाचं कारण जवानांपर्यंत पोचलं का, तेही लिहा.

दुसऱ्या फेरीत बिनमहत्त्वाचा निरोप पाठवा. तिथे बेत तसाच ठेवणं योग्य. ही फेरी बहुतेक जण गाळतात आणि प्रत्येक निरोपासरशी दिशा बदलणारा उतावळा माणूस 'लवचिक' ठरतो. माझ्या मते ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे.

बाकीच्या चुका ओळखीच्या. खणखणीत आवाजाला जादा गुण मिळतात, म्हणून दोन परीक्षकांनी आपापल्या नोंदी पूर्ण होईपर्यंत एकमेकांशी बोलू नये. रोज किल्ला चढणारा सातारकर साहजिकच चपळ दिसतो. जागा सगळ्यांना सारखीच अनोळखी हवी. एकच प्रसंग पुन्हा वापरला तर तो बाहेर फुटतो, मग उरते फक्त स्मरणशक्तीची परीक्षा.

झोपेचंही पाहावं लागतं. सलग १७ तास जागं राहिल्यावर प्रतिक्रियेचा वेग, रक्तात ०.०५ टक्के मद्य असावं तसा मंदावतो. त्यामुळे ताज्या सकाळचे आणि रात्रीच्या मार्चनंतरचे गुण वेगळ्या रकान्यांत ठेवा. त्यांची सरासरी काढली तर दमल्यावर कोण जुन्याच हुकुमाला चिकटतो, तेच झाकलं जातं.