ऑफ-रोड वाहने आणि विल्डरनेस (अमेरिका)

अमेरिकेतील सरकारी जमिनीवर जीप, मोटरसायकल, एटीव्ही (खडबडीत जमिनीवर चालणारी छोटी उघडी गाडी) यांसारखी वाहने कुठवर न्यावीत, यावरचा हा वाद मुख्यतः पश्चिमेकडील राज्यांतला आहे. तिथे केंद्र सरकारच जमिनीचा सर्वांत मोठा मालक आहे. युटा राज्याची तर जवळजवळ दोन तृतीयांश जमीन केंद्राची असून तिचा मोठा भाग ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंट (बीएलएम) या खात्याकडे आहे.

३ सप्टेंबर १९६४ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी विल्डरनेस कायद्यावर सही केली. विल्डरनेस म्हणजे नैसर्गिक स्थितीतच राखायचे म्हणून कायद्याने संरक्षण दिलेले रानटी क्षेत्र. मसुद्याचे मुख्य शिल्पकार हॉवर्ड झानायझर त्याआधी चार महिने वारले होते. सुरुवातीला ९१ लाख एकरांना मिळालेले हे संरक्षण आज ११ कोटी एकरांहून अधिक क्षेत्राला आहे. त्यातले निम्म्याहून जास्त एकट्या अलास्कात. थोडे अपवाद वगळता इथे मोटारी नाहीत, यंत्रे नाहीत, सायकलसुद्धा नाही. पायवाटेवर आडवे पडलेले झाडही बहुधा दोघांनी ओढायच्या करवतीने कापतात. ताडोबासारख्या प्रकल्पात पर्यटक जिप्सीतून आत जातो आणि खाली पाय ठेवायला त्याला मनाई असते. विल्डरनेसमध्ये याच्या नेमके उलटे आहे: माणसाने खुशाल चालावे, गाडी मात्र बाहेर ठेवावी.

अशा दर्जासाठी प्रदेशात रस्ता नसावा लागतो, आणि खरे भांडण इथूनच सुरू होते. १९७६च्या कायद्याने बीएलएमला आपल्या ताब्यातील रस्तेविरहित क्षेत्रे तपासायला सांगितले. त्या वेळी काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, अहवालात एक मोलाचा खुलासा आला: यंत्राने बांधलेला व देखभाल होणारा तो रस्ता, केवळ गाड्यांच्या येण्याजाण्याने टिकून राहिलेली चाकोरी म्हणजे रस्ता नव्हे. दुसऱ्या बाजूला १८६६च्या खाण कायद्यातले एक वाक्य होते. राखीव नसलेल्या सरकारी जमिनीवरून महामार्गाचा हक्क त्याने देऊन टाकला होता. ते कलमही १९७६मध्येच रद्द झाले, पण तोवर मिळालेले हक्क शाबूत राहिले. युटाच्या कायद्यानुसार दहा वर्षे सलग सार्वजनिक वापर झाला की असा हक्क सिद्ध होऊ शकतो. त्याच आधारावर राज्याने व तिथल्या काउंटींनी (जिल्ह्यांनी) १२ हजारांहून अधिक वाटांवर दावे लावले. म्हणजे एका व्याख्येने जी चाकोरी रस्ताच नाही, तीच दुसऱ्या कायद्याने महामार्ग ठरू शकते.

जमिनीच्या बाजूने पाहिले तर चाकोरी ही क्षुल्लक गोष्ट नाही. युटा व शेजारच्या राज्यांत पसरलेल्या कोलोरॅडो पठारावर वाळूच्या वर काळपट, खडबडीत, जिवंत पापुद्रा असतो. सायनोबॅक्टेरिया या सूक्ष्म जीवांचे चिकट तंतू वाळूचे कण बांधून ठेवतात. त्यांच्यासोबत दगडफूल आणि शेवाळ वाढते. वारा आणि पाऊस यांना हाच थर अडवतो, मातीला नायट्रोजनही देतो. कोरडा असताना तो चाकाखाली चुरतो आणि पूर्ववत व्हायला दशके जातात. मोहावी वाळवंटात दुसऱ्या महायुद्धातील सरावाच्या वेळी उमटलेल्या रणगाड्यांच्या खुणा आजही दिसतात.

गाडी चालवणाऱ्यांची बाजूही ऐकून घेण्यासारखी आहे. युटातील मोआब गावाभोवतीच्या कित्येक वाटा १९५०च्या दशकातील युरेनियम शोधणाऱ्यांनी पाडल्या. १९६७पासून तिथे दर ईस्टरला जीप सफारी भरते, गावाचे पोट पर्यटनावर चालते. लांब चालू न शकणाऱ्यांना दूरची दरी गाडीमुळेच पाहता येते. मात्र विल्डरनेस सोडून उरलेल्या सरकारी जमिनीवर आखलेल्या वाटांचे प्रचंड जाळे त्यांना खुले आहे, हेही विसरून चालत नाही.

या उरलेल्या जमिनीसाठी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी १९७२मध्ये आदेश काढला: वाटा आखताना माती, वनस्पती, वन्यजीव यांची हानी कमीत कमी ठेवा. १९७७मध्ये कार्टर यांनी तो कडक केला. मोठी हानी दिसताच क्षेत्र तत्काळ बंद करणे खात्याला बंधनकारक झाले. अंमलबजावणी मात्र ढिली राहिली. विल्डरनेससाठी विचाराधीन क्षेत्रांत बीएलएम ऑफ-रोड वाहनांना आवर घालत नाही, अशी तक्रार युटातील पर्यावरणवाद्यांनी न्यायालयात नेली आणि ती सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचली. २००४मध्ये न्या. स्कॅलिया यांनी लिहिलेल्या एकमताच्या निकालाने ती फेटाळली. कायद्याने नेमके सांगितलेले काम टाळले तरच न्यायालय खात्याला भाग पाडू शकते, एकंदर कर्तव्यासाठी नाही, असे त्यात म्हटले आहे.

युटातील फॅक्टरी ब्यूट या एकाकी डोंगराच्या पायथ्याशी राइट फिशहुक हा दुर्मीळ निवडुंग वाढतो. तो वाहनांखाली चिरडला जात असल्यामुळे बीएलएमने २००६मध्ये तिथला मुक्त वावर थांबवला. २०१९मध्ये त्यातली सुमारे ५,४०० एकर जमीन पुन्हा वाहनांना खुली झाली.