लुदियेच्या घरापासून: ख्रिस्ती भगिनींच्या सहभागितेची पार्श्वभूमी

बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात यरुशलेमच्या मंडळीत, म्हणजे तिथल्या विश्वासणाऱ्यांच्या समूहात, कुरबुर सुरू होते. रोजच्या अन्नवाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होत होतं. कुणी मुद्दाम केलं, असं तिथे म्हटलेलं नाही. प्रेषितांनी नुसती समजूत घातली नाही, कामासाठी सात माणसं निवडायला सांगितली, आणि त्या सातही जणांची नावं ग्रीक आहेत. भगिनींच्या सहभागितेचा, म्हणजे विश्वासात एकत्र येऊन एकमेकींना आधार देण्याचा, मागोवा घेताना मला इथूनच सुरुवात करावीशी वाटते. सगळ्यांचं स्वागत आहे असं मनापासून मानणाऱ्या मंडळीतही काही जणी मागे राहतात, आणि ते बहुधा आधी त्यांच्याच लक्षात येतं.

फिलिप्पै या शहराची गोष्ट वेगळी. तिथे प्रेषित पौल शब्बाथाच्या, म्हणजे यहुद्यांच्या विसाव्याच्या, दिवशी वेशीबाहेर नदीकाठी गेला, तर प्रार्थनेसाठी स्त्रियाच जमल्या होत्या. त्यांच्यातली लुदिया जांभळी वस्त्रं विकायची. ती मूळची थुवतीराची, म्हणजे त्या गावात तीही बाहेरूनच आलेली. बाप्तिस्मा झाल्यावर तिने पौल आणि त्याच्या सोबत्यांना आग्रह करून घरी नेलं. पुढे फटके खाऊन, तुरुंगातून सुटून पौल आणि त्याचा सोबती सीला गाव सोडण्याआधी गेले तेही तिच्याच घरी, आणि तिथे त्यांना बंधुजन भेटले. युरोपातल्या या अगदी सुरुवातीच्या मंडळीला छप्पर मिळालं ते एका बाईच्या घराचं.

पण याच मंडळीला पौलाने नंतर पत्र लिहिलं, त्यात युवदीया आणि सुंतुखे या दोघींना नावं घेऊन विनवलं आहे की एकचित्त व्हा. दोघींनी सुवार्तेच्या कामी त्याच्याबरोबर कष्ट उपसले होते. भांडण कशावरून होतं ते पत्रात नाही, मिटलं की नाही तेही नाही. हे पत्र सगळ्यांसमोर वाचलं गेलं असणार, आणि बहुधा त्या दोघीही तिथेच बसलेल्या असणार. भगिनींच्या सभेत वाद झाला की आपण तो झाकून टाकतो. इथे तो पवित्र शास्त्रात राहिला आहे, आणि दोघींच्या कष्टांची आठवणही त्याच्या शेजारीच राहिली आहे.

चौथ्या शतकात आशिया मायनरमधल्या मॅक्रिनाने याच्या पुढचं पाऊल टाकलं. घर श्रीमंत, दासी पुष्कळ. तिने आईचं मन वळवलं आणि दोघी आपल्याच दासींबरोबर बहिणींसारख्या, एकाच पायरीवर राहू लागल्या. दुष्काळात रस्त्याकडेला टाकलेली मुलंही तिच्या त्या समूहाने वाढवली. तिचा भाऊ, निस्साचा ग्रेगरी, याने तिचं चरित्र लिहिलं म्हणून हे आपल्यापर्यंत पोचलं.

तेराव्या शतकात आजच्या बेल्जियम-नेदरलँड्सच्या भागात बेगीन स्त्रिया पुढे आल्या. आजन्म व्रत नाही, लग्न करायचं असेल तर निघून जायची मोकळीक. लोकरीचं काम आणि आजाऱ्यांची शुश्रूषा करून पोट भरायचं. मोकळ्या अंगणाभोवती छोटी घरं असायची आणि रात्री वेस बंद व्हायची. चर्चच्या अधिकाऱ्यांना हे रुचलं नाही. १३११-१२ मध्ये फ्रान्समधल्या व्हिएन इथे भरलेल्या चर्चच्या परिषदेत त्यांच्या जीवनपद्धतीचा निषेध झाला. तरी त्या पुरत्या संपल्या नाहीत. अशी शेवटची बेगीन २०१३ मध्ये वारली.

माझ्या मते या इतिहासातला सगळ्यात मोलाचा धागा इंग्लंडमधल्या एपवर्थच्या घरात सापडतो. १७११-१२ च्या हिवाळ्यात पाळक सॅम्युएल वेस्ली लंडनला गेले असताना त्यांची पत्नी सुझॅना रविवारी संध्याकाळी मुलांना आणि नोकरांना उपदेश वाचून दाखवी. शेजारी येऊ लागले, आणि बघता बघता आकडा दोनशेच्या आसपास गेला. तक्रार झाली, नवऱ्याचं नापसंतीचं पत्र आलं. सुझॅनाने उत्तर दिलं की नुसती इच्छा कळवू नका, स्पष्ट आज्ञा द्या, म्हणजे हे थांबवल्याचा जाब न्यायाच्या दिवशी मला द्यावा लागणार नाही. याच घरात ती आठवड्यातली एकेक संध्याकाळ एकेका मुलासाठी राखून ठेवी आणि त्याच्या आत्म्याविषयी त्याच्याशी एकट्याने बोले. गुरुवार जॉनचा होता.

पुढे मेथडिस्ट चळवळ उभी करणाऱ्या त्याच जॉन वेस्लीने १७३८ मध्ये, मोरावियन या ख्रिस्ती पंथाच्या लोकांचं पाहून, बँड नावाच्या छोट्या गटांचे नियम लिहिले. स्त्रियांचे गट वेगळे, त्यातही विवाहित आणि अविवाहित वेगळ्या. आठवड्यातून एकदा वेळेवर यायचं, गाऊन किंवा प्रार्थना करून सुरुवात करायची, मग एकेकीने आपल्या मनाची खरी स्थिती सांगायची. गटात घेण्याआधीच विचारलं जाई: तुमचे दोष तुम्हाला सांगितले जावेत, अशी तुमची इच्छा आहे का? आधार बायबलमधल्या याकोबाच्या पत्राचा, एकमेकांजवळ पापं कबूल करण्याचा. हे सगळ्यांना झेपणारं नव्हतं. एकीने सांगितलेलं दुसरीने बाहेर नेलं की असा गट मोडतो. एकोणिसाव्या शतकात हे बँड मागे पडत गेले. सभा मोठ्या झाल्या, एकीने बोलायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं अशी रीत रुळली. त्याने पुष्कळांचं भलं झालं हे खरं, पण शेजारी बसलेल्या बहिणीच्या घरात काय चाललंय हे कळायची वाट बंद होत गेली.

मग संघटनांचा काळ आला. १८७६ मध्ये मेरी समनरने गरीब-श्रीमंत सगळ्या आयांना एकत्र बोलावून मदर्स युनियन सुरू केली. पहिल्या बैठकीत तिला स्वतःला बोलायचा धीर झाला नाही, ती बोलली पुढच्या आठवड्यात. त्याआधी, १८५५ मध्ये, लंडनमध्ये वायडब्ल्यूसीए या तरुण ख्रिस्ती स्त्रियांच्या संघटनेची मुळं रुजली होती. अमेरिकेत मात्र याच संघटनेत कृष्णवर्णीय भगिनींच्या शाखा कित्येक वर्षं वेगळ्या ठेवल्या गेल्या. सगळ्यांना सामावून घेण्याचा ठराव तिथे १९४६ मध्ये झाला. एकाच प्रभूचं नाव घेणाऱ्यांना एवढा उशीर लागावा, हे वाचताना मन दुखतं.

१८८७ मध्ये अमेरिकेत मेरी एलन जेम्स यांनी स्त्रियांना प्रार्थनेच्या दिवसासाठी हाक दिली. त्या आणि तशाच इतर हाकांतून वाढलेला जागतिक प्रार्थना दिन १९२७ पासून जगभर पाळला जातो. मार्चच्या पहिल्या शुक्रवारी होणाऱ्या या उपासनेचा क्रम दरवर्षी एका वेगळ्या देशातल्या स्त्रिया लिहितात. आपल्याकडचं दुःख काय आणि आशा कुठे आहे, ते त्या आपल्या शब्दांत मांडतात. मग ज्यांनी तो देश कधी पाहिलेला नाही, अशा स्त्रिया उभ्या राहून ते शब्द मोठ्याने वाचतात.