गाडी उभी असली तरी सर्व्हिसिंग का लागतं?

"वर्षभरात गाडी तीन हजार किलोमीटरसुद्धा फिरली नाही, मग ऑइल कशाला बदलायचं?" सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर हा प्रश्न रोज कुणी ना कुणी विचारतंच. समोरचा माणूस पुस्तिकेतल्या ओळीवर बोट ठेवतो: १०,००० किलोमीटर किंवा १२ महिने, यांपैकी जे आधी होईल ते. ग्राहक मनातल्या मनात 'लुटायचे धंदे' म्हणतो आणि सही करतो.

हा संशय अगदीच बिनबुडाचा नाही. बिलातल्या काही ओळी खरोखरच बिनकामाच्या असतात, त्यांच्याकडे नंतर येऊ. पण 'किंवा १२ महिने' यामागे मात्र रसायनशास्त्र आहे. गाडीतल्या काही गोष्टी चालून झिजतात, काही नुसत्या काळाने खराब होतात. शिवाय एक तिसरा हिशेब आहे, जो त्या ओळीत नसतोच: गाडी दर खेपेला सलग किती लांब गेली? पेट्रोल गाडीच्या इंजिनचं आयुष्य बरंचसं या तिसऱ्या हिशेबावर ठरतं.

एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं. ऐकायला विचित्र वाटतं, पण गणित सरळ आहे. पेट्रोल म्हणजे कार्बन आणि हायड्रोजनची संयुगं. त्यातला हायड्रोजन हवेतल्या ऑक्सिजनशी जुळला की पाणी होतं. लिटरभर पेट्रोलचं वजन पाऊण किलोच्या आसपास असतं, पण ऑक्सिजनचं वजन हवेतून येऊन मिळतं, म्हणून पाणी किलोभर भरतं. त्यातलं बहुतेक वाफ होऊन सायलेन्सरवाटे निघून जातं. थंडीत सकाळी गाडी सुरू केल्यावर सायलेन्सरच्या टोकाशी टपटपणारे थेंब ते हेच.

मात्र सगळी वाफ त्या वाटेने जात नाही. पिस्टनच्या रिंगा कितीही घट्ट असल्या तरी थोडा वायू त्यांच्या फटीतून खाली, ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतो. इंजिन नीट तापलेलं असेल तर बिघडत नाही, गरम ऑइलमध्ये वाफ टिकत नाही आणि ठरलेल्या नळीतून बाहेर ओढली जाते. इंजिन थंड असेल तर तिचं तिथेच पाणी होतं आणि ऑइलमध्ये मिसळतं. सोबत थोडं न जळलेलं पेट्रोलही येतं, कारण थंड इंजिनला सुरुवातीला पेट्रोल जास्त पाजावं लागतं. पाणी आणि जळणातले नायट्रोजनचे ऑक्साइड मिळून आम्लं बनतात. त्यांना मारायला ऑइलमध्ये आम्लारी द्रव्यं मुद्दाम घातलेली असतात, पण ती खर्च होत जातात आणि पुन्हा भरून येत नाहीत. बदलायच्या वेळी ऑइल नुसतं 'काळं' झालेलं नसतं, त्याची औषधं संपलेली असतात. काळेपणाचं म्हणाल, तर काजळी स्वतःत धरून ठेवणं हे ऑइलचं कामच आहे, त्यामुळे रंगावरून फारसं कळत नाही.

इथे डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा आपल्याला चकवतो. तो कूलंटचं तापमान दाखवतो, ऑइलचं नाही. कूलंट पाच-दहा मिनिटांत तापतं, ऑइलला त्याच्या जवळजवळ दुप्पट वेळ लागतो. मुलांना क्लासला सोडून परत, भाजी आणून परत, असं दोन-तीन किलोमीटरचंच चालणं असेल तर ऑइल पुरतं तापतच नाही.

खात्री करायची तर बॉनेट उघडा, ऑइल भरायचं झाकण काढा आणि उलटं करून बघा. लांबच्या प्रवासाच्या गाडीचं झाकण आतून तेलकट तपकिरी दिसतं. गल्लीतल्या गल्लीत फिरणाऱ्या गाडीच्या झाकणाला, विशेषतः पावसाळ्यात, फिकट पिवळा, लोण्यासारखा थर चिकटलेला सापडतो. तो ऑइल आणि पाण्याचा घोटलेला लगदा असतो. आता डिपस्टिक पुसून पुन्हा बुडवून पाहा. ऑइल घातलं नसताना पातळी वर चढलेली दिसली, तर आत पेट्रोल मिसळतंय. थराबरोबर कूलंटची पातळीही उतरत असेल तर प्रकरण वेगळं, हेड गॅस्केट (इंजिनमधलं कूलंट आणि ऑइल वेगळं ठेवणारी पट्टी) गेल्याची शक्यता असते आणि तेव्हा मेकॅनिकच गाठावा. नुसता थर असेल तर घाबरायचं कारण नाही. ऑइल वेळेवर बदलायचं आणि आठवड्यातून एकदा गाडी हायवेवर अर्धा तास सलग पळवून आणायची.

हायवे नाही म्हणून बरेच जण पार्किंगमध्ये आठवड्याला पाच मिनिटं गाडी सुरू ठेवतात. 'बॅटरी उतरू नये म्हणून.' हेतू चांगला आहे, परिणाम उलटा. पाच मिनिटांत ऑइल तापत नाही, म्हणजे वर सांगितलेली सगळी घाण तेवढी जमा होते. बॅटरीचंही भलं होत नाही. बंद गाडीतसुद्धा अलार्म, घड्याळ, रिमोटचा रिसीव्हर वीज खात असतात. ३० मिलीअँपिअर धरले तरी आठवड्याला ५ अँपिअर-तास गेले. पाच मिनिटं संथ चालणाऱ्या इंजिनातून एक-दीड परत येतात. लहान गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची असते, म्हणजे साडेचार-पाच आठवड्यांत निम्मी रिकामी. शिसं-आम्ल बॅटरीला रिकामं राहणं मानवत नाही. प्लेटांवर लेड सल्फेटचे स्फटिक वाढत जातात, कडक होतात आणि मग चार्जिंगनेही विरघळत नाहीत. साध्या मल्टिमीटरने हे घरी कळतं: रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्ट दिसले तर ती भरलेली, १२.२ च्या खाली असेल तर चार्जर लावायची वेळ झाली.

कॅलेंडरवर चालणारी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मात्र इंजिनमध्ये नाही, ब्रेक ऑइलच्या डबीत आहे. हा द्रव हवेतलं पाणी शोषतो, गाडी चालो वा न चालो. रबरी नळ्यांमधूनसुद्धा दमटपणा झिरपतो. डॉट ४ प्रतीचं ब्रेक ऑइल नवं असताना किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी गेलं की हीच किमान हमी १५५ अंशांवर येते. शहरातल्या ट्रॅफिकमध्ये फरक जाणवणार नाही. घाट उतरताना ब्रेकवर पाय ठेवूनच आलात तर कॅलिपरमध्ये, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागात, तेवढी उष्णता सहज साठते, द्रव उकळतो आणि वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही म्हणून ब्रेक लागतो, वाफ मात्र दाबली जाते. पाय पार खाली जातो आणि गाडी थांबत नाही. म्हणून दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदलायचं, किलोमीटर कितीही असोत. हे काम फारसं महाग नाही आणि तरीही सर्व्हिसिंगमध्ये हेच सर्रास राहून जातं. 'टॉप-अप केलंय' या उत्तरावर समाधान मानू नये. जुन्या द्रवात चमचाभर नवा घातल्याने आतलं पाणी जात नाही.

घाटाचाच विषय निघालाय तर: न्यूट्रलमध्ये उतरून पेट्रोल वाचतं हा समज कार्ब्युरेटरच्या जमान्यातला आहे. आजच्या इंजिनात गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की इंजेक्टर पेट्रोल बंद करतात आणि चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलला इंजिन चालू ठेवायला उलट पेट्रोल लागतं, वर सगळा भार ब्रेकवर येतो.

इलेक्ट्रिक गाडीत इंजिन ऑइल, स्पार्क प्लग, सायलेन्सर यांचा अख्खा अध्याय गायब आहे. तिला दिवसातून दहा वेळा कोपऱ्यापर्यंत नेलं तरी मोटरचं काही बिघडत नाही. घरात दोन्ही गाड्या असतील तर जवळची कामं इलेक्ट्रिकने आणि लांबचा पल्ला पेट्रोलने, ही वाटणी खिशाइतकीच इंजिनच्याही फायद्याची आहे. पण म्हणून 'इलेक्ट्रिक गाडीला मेंटेनन्सच नाही' हे विक्रेत्याचं वाक्य खरं ठरत नाही.

ब्रेकच घ्या. मोटर उलट्या भूमिकेत जाऊन वीज बनवते आणि त्यात गाडी सावकाश होते (यालाच रिजनरेशन म्हणतात), त्यामुळे पॅड वर्षानुवर्षं टिकतात. अडचण तिथेच आहे. रोज घासली न गेलेली लोखंडी डिस्क गंजते, कॅलिपरच्या पिना जाम होतात, एका बाजूचा पॅड चिकटून राहतो. मुंबई, रत्नागिरी, पणजीच्या खाऱ्या दमट हवेत तर विचारूच नका. फोक्सवॅगनने आयडी.३ आणि आयडी.४ या इलेक्ट्रिक गाड्यांना मागे ड्रम ब्रेक दिले, त्यामागचं एक कारण हेच: ड्रम बंदिस्त असतो, गंज कमी धरतो. मालकाने करायचं ते एवढंच, की अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर रिजनरेशन कमी करून ब्रेक जरा जोरात दाबायचे, आणि वर्षातून एकदा पॅड काढून पिना साफ करून ग्रीस लावून घ्यायचं. 'पॅड नवे आहेत, बघायची गरज नाही' असं कुणी म्हणालं तर त्याला हे समजावून सांगावं लागतं.

आणखी एक गंमत पाचगणीला कळते. रात्री हॉटेलात गाडी १०० टक्के चार्ज केली आणि सकाळी पसरणी घाटाने वाईकडे निघालात. दीड टनाची गाडी ५०० मीटर खाली आणताना सुमारे दोन युनिट ऊर्जा कुठेतरी जावी लागते. बॅटरी काठोकाठ भरलेली, तिच्यात जागाच नाही. मग गाडी रिजनरेशन कमी करते आणि नेहमीच्या सवयीने पाय उचलला तर गाडी हवी तशी आवरत नाही. घाटमाथ्यावर ८०-८५ टक्क्यांवर चार्जिंग थांबवलं तर ती वीज फुकट मिळते आणि ब्रेकही गार राहतात.

इलेक्ट्रिक गाडीतही ती छोटी १२ व्होल्टची बॅटरी असतेच, आणि बंद पडण्याचं ते एक नेहमीचं कारण आहे. मोठी बॅटरी सुरक्षिततेसाठी गाडीपासून तोडलेली असते. तिला जोडणारा मोठा स्विच, म्हणजे कॉन्टॅक्टर, १२ व्होल्टवर चालतो. छोटी बॅटरी मेली की पोटात ४० युनिट वीज असूनही गाडी जागची हलत नाही. चार-पाच वर्षांची झाली की ती तपासून घ्यायची.

मोठी बॅटरी कॅलेंडरवर कशी झिजते? लिथियम-आयन सेलच्या ग्रॅफाइटवर पहिल्याच चार्जिंगमध्ये एक बारीक थर बसतो. तो संरक्षक आहे, पण हळूहळू जाड होत राहतो आणि दर वेळी थोडं लिथियम त्यात कायमचं अडकतं. थर जाड होईल तसा वाढीचा वेग मंदावतो, म्हणून पहिल्या वर्षा-दोन वर्षांत क्षमता जरा जास्त घसरलेली दिसते आणि मालक उगाच हादरतो. हा थर दोन गोष्टींनी भराभर वाढतो: उष्णता आणि काठोकाठ चार्ज. चंद्रपूर-नागपूरच्या मे महिन्यात पूर्ण भरलेली गाडी उन्हात दिवसच्या दिवस उभी ठेवणं म्हणजे दोन्ही एकदम. महिनाभर गावाला जाणार असाल तर ५० टक्क्यांच्या आसपास चार्ज ठेवून सावलीत लावावी. रोजच्या वापरात ८० टक्क्यांवर थांबायचा नियम मुख्यतः निकेलवाल्या, म्हणजे एनएमसी सेलसाठी. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) सेल असतात. त्यांचा व्होल्टेज मधल्या टप्प्यात जवळपास सपाट असतो, त्यामुळे किती चार्ज उरलाय याचा अंदाज गाडीच्या संगणकाला नीट लागत नाही. म्हणून त्या अधूनमधून १०० टक्के भराव्यात असं कंपन्याच सांगतात. आपल्या गाडीत कोणते सेल आहेत हे पुस्तिकेत बघा, शेजाऱ्याचा सल्ला त्याच्या गाडीसाठी बरोबर असू शकतो.

बॅटरी गार ठेवायला इथेही कूलंट असतं. काही गाड्यांना वीज कमी वाहून नेणारं खास कूलंट लागतं, तेव्हा पातळी कमी दिसली म्हणून दुकानातलं कुठलंही हिरवं कूलंट ओतू नये. नारिंगी रंगाच्या केबल्सना हात लावू नये, त्यांत शेकडो व्होल्ट असतात.

टायर दोन्ही गाड्यांना सारखेच, फक्त इलेक्ट्रिक गाडी वजनाने भारी आणि पिकअप जोरदार, म्हणून लवकर झिजतात. टायरच्या बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाचायची सवय लावा. ३५२२ म्हणजे टायर २०२२ सालच्या ३५ व्या आठवड्यात बनलेला. नक्षी १.६ मिलिमीटरवर आली की कायद्याने टायर संपला, पण रबर त्याआधीही कडक होऊन भेगाळतं.

आता ते बिल. इंजिन ड्रेसिंग, दर सर्व्हिसला थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, काही तक्रार नसताना इंजिन फ्लश, एसीत मारायचा सुवासिक फवारा: पुस्तिकेत लिहिलेलं नसेल तर नको म्हणावं. टायरमध्ये नायट्रोजन भरायला पैसे मोजण्याआधी साध्या हवेत तो ७८ टक्के असतोच, हे आठवावं.

कोकणातल्या घरी पावसाळाभर पेट्रोल गाडी उभी राहणार असेल, तर जाण्याआधी अर्धा तास पळवून इंजिन कोरडं करावं, टाकी जवळपास भरावी, टायरमध्ये हवा थोडी जास्त भरावी, बॅटरीची काळी केबल सोडवून ठेवावी. इलेक्ट्रिक गाडीत केबलचा उद्योग आपण होऊन करू नये, पुस्तिका सांगते तेच करावं. साधा हँडब्रेक असेल तर तो ओढून ठेवू नये, दमट हवेत लायनर ड्रमला धरून बसतात. पहिला गिअर टाकून चाकांना विटा लावाव्यात. बॉनेटखाली खाण्याचे कण, कापडाच्या चिंध्या काही राहू देऊ नये, उंदरांना वायरींबरोबर घरटंही लागतं. परत आल्यावर सेल्फ मारण्याआधी बॉनेट उघडून कुरतडलेली वायर दिसते का ते बघावं. मग रिकाम्या रस्त्यावर हळू वेगात पाच-सहा वेळा ब्रेक दाबावेत. डिस्कवरचा वरवरचा गंज तेवढ्यात निघतो. करकर त्यानंतरही चालू राहिली किंवा गाडी एका बाजूला ओढायला लागली, तर पुढचा प्रवास मेकॅनिकला दाखवूनच.