सर्व्हर किती लांब, रांग किती मोठी

मिक्सर, पाण्याचे पंप, सोलर हीटर यांची परीक्षणं मराठीत लिहायची, खाली दुकानाची लिंक द्यायची आणि वाचकाने तिथून खरेदी केली की कमिशन घ्यायचं. ॲफिलिएट वेबसाइटचा व्यवहार एवढाच. ती सुरू करताना पहिला प्रश्न येतो होस्टिंगचा, म्हणजे साइट ज्या यंत्रावर (सर्व्हरवर) ठेवायची तिथली जागा भाड्याने घेण्याचा, आणि शोधायला गेलं की ‘सर्वोत्तम दहा होस्टिंग’ अशा याद्या समोर येतात. त्या वाचताना हे ध्यानात असू द्यावं की होस्टिंग कंपन्याही ग्राहक आणून देणाऱ्याला चांगलं कमिशन देतात, आणि यादीतला क्रम पुष्कळदा त्यावरच ठरतो. शिवाय ‘अमर्याद जागा, अमर्याद बँडविड्थ (डेटाची ने-आण)’ यावर जो भर असतो, त्याचा शंभर-दोनशे पानांच्या साइटला फारसा उपयोग नाही. अडचण येते ती अंतरामुळे आणि रांगेमुळे.

आधी अंतर पाहू. निर्वात पोकळीत प्रकाश सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर जातो, पण काचेच्या तंतूत त्याचा वेग २ लाखांवर येतो. मुंबईहून अमेरिकेतलं व्हर्जिनिया सरळ रेषेत सुमारे १३,००० किलोमीटर आहे. म्हणजे संदेश जाऊन उत्तर परत यायला निदान १३० मिलिसेकंद लागणारच. केबल सरळ रेषेत टाकलेल्या नसतात आणि वाटेत संदेश पुढे पाठवणारे राउटर असतात, त्यामुळे प्रत्यक्षात साधारण २०० मिलिसेकंद जातात. हा उशीर कितीही महाग प्लॅन घेतला तरी टळत नाही.

जाण्या-येण्याच्या अशा एका फेरीला पाव सेकंदही लागत नाही, मग बिघडलं कुठे? पान एका फेरीत येत नाही, ही खरी गोम आहे. ब्राउझर आणि सर्व्हर यांची जोडणी व्हायला एक फेरी जाते. ‘एचटीटीपीएस’चं कुलूप बसवायला टीएलएस १.३ या नव्या पद्धतीत आणखी एक लागते, जुन्या पद्धतीत दोन. त्यानंतर पानाची मागणी जाते, तिची एक. तीन फेऱ्यांत ६०० मिलिसेकंद संपले आणि सर्व्हरने अजून काहीच काम केलेलं नाही. पहिला बाइट ०.८ सेकंदाच्या आत यावा अशी गूगलची शिफारस आहे. पुढे गंमत अशी, की सर्व्हर सुरुवातीला साधारण १० पॅकेट (डेटाचे छोटे तुकडे), म्हणजे १४ केबीच्या आसपास मजकूर पाठवतो. पोच आली की दुप्पट, मग चौपट. शंभर केबीच्या पानाला त्यामुळे आणखी तीन फेऱ्या लागतात. हाच सर्व्हर मुंबईत आणि वाचक नागपुरात असेल, तर एक फेरी साधारण २० ते ३० मिलिसेकंदांत होते आणि सगळा हिशेबच बदलतो.

म्हणून वाचक महाराष्ट्रात असेल तर सर्व्हर भारतात हवा, शक्यतो मुंबई परिसरात. तशी सोय आता दुर्मिळ राहिलेली नाही. ॲमेझॉनच्या क्लाउडचा मुंबई विभाग २०१६ मध्ये सुरू झाला, मायक्रोसॉफ्टचा पुण्याचा त्याआधी २०१५ मध्ये, आणि नवी मुंबईतल्या ऐरोली-महापे पट्ट्यात डेटा सेंटरची रांगच उभी राहिली आहे. जवळच्या सर्व्हरचा आणखी एक फायदा आहे. जानेवारी २००८ मध्ये इजिप्तजवळ समुद्रातल्या केबल तुटल्या तेव्हा भारतातून परदेशी साइट उघडणं जिकिरीचं झालं होतं. देशातल्या सर्व्हरला तो मार्ग लागत नाही. वाचक न्यू जर्सीतही असतील तर सीडीएन वापरावं. ते पानांच्या प्रती जगभरच्या केंद्रांत ठेवतं आणि जवळच्या केंद्रातून देतं.

आता रांग. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतला गणिती एर्लांग याने १९०९ मध्ये फोनच्या मार्गांवर किती गर्दी होईल याचं गणित मांडलं, आणि रांगांचं शास्त्र तिथून सुरू झालं. त्यातला एक निष्कर्ष प्रत्येक साइटवाल्याने पाठ करावा असा आहे. तिकीट खिडकीसारखी एकच खिडकी आहे, माणसं वेळ न ठरवता येताहेत आणि एकेका कामाला सरासरी ०.२ सेकंद लागतात असं धरा. खिडकी निम्मा वेळ व्यस्त असेल तर रांगेसकट एकूण वेळ ०.४ सेकंद होतो. ८० टक्के व्यस्त असेल तर १ सेकंद, ९० टक्क्यांना २ आणि ९५ टक्क्यांना ४. गर्दी थोडीशी वाढते, उशीर मात्र दुपटीने वाढतो. आपला सर्व्हर ही अशीच एक खिडकी असते.

शेअर्ड होस्टिंगमध्ये एका यंत्रावर शेकडो साइट असतात आणि प्रत्येकीला एका वेळी किती पीएचपी प्रक्रिया (पान बनवणारी कामं) चालवता येतील यावर मर्यादा असते. ‘अमर्याद’ या शब्दाखालची ही मर्यादा विक्रेत्याला थेट विचारावी. वर्डप्रेस या साइट बनवायच्या सॉफ्टवेअरचं पान दर वेळी डेटाबेसमधून नव्याने बनतं. कॅश, म्हणजे बनलेलं पान साठवून ठेवायची सोय, चालू केली की तयार पान दिलं जातं आणि रांग जवळपास नाहीशी होते.

ॲफिलिएट साइटची खास मेख मात्र पुढेच आहे. बरेच जण लिंकवरचे क्लिक मोजायला प्लगइन (साइटला जोडायचं छोटं सॉफ्टवेअर) लावतात. वाचक ‘किंमत पाहा’ दाबतो, मागणी आधी आपल्या सर्व्हरवर येते, नोंद होते आणि मग तो दुकानाकडे वळवला जातो. ही पायरी कॅशमधून देता येत नाही, कारण प्रत्येक क्लिक मोजायचा असतो. दिवाळीच्या सेलमध्ये पान झटकन उघडतं आणि बटण दाबल्यावर मात्र काहीच होत नाही, असं या पायरीमुळे होऊ शकतं. कमाई तर त्याच बटणावर आहे! माझं मत स्पष्ट आहे: मोजणी अगदी गरजेची नसेल तर दुकानाची थेट लिंक द्यावी. हवीच असेल तर वळवण्याचे नियम सीडीएनवर ठेवावेत.

अपटाइमच्या, म्हणजे साइट चालू राहण्याच्या, आश्वासनाचा हिशेब पटकन होतो. ९९.९ टक्के म्हणजे वर्षाला पावणेनऊ तास बंद, ९९.९९ म्हणजे सुमारे ५३ मिनिटं. भरपाई मिळते ती बहुधा होस्टिंगच्या बिलातली, बुडालेल्या कमिशनची नाही.

बॅकअपचं मात्र मनावर घ्या. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग इथे ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली. इंटरनेटची पाहणी करणाऱ्या नेटक्राफ्ट कंपनीच्या अंदाजानुसार ३६ लाख वेबसाइट बंद पडल्या, आणि ज्यांचा बॅकअपही त्याच आवारात होता अशा काहींचा डेटा कायमचा गेला. होस्टिंग कंपनी रोज बॅकअप घेत असली तरी आठवड्यातून एक प्रत दुसऱ्या कंपनीच्या साठवणुकीत किंवा स्वतःच्या हार्ड डिस्कवर हवीच.

तीन वर्षांचे पैसे एकदम भरण्याआधी एक महिन्याचा प्लॅन घ्या आणि त्यावर आपलं खरं परीक्षण चढवा, रिकामं पान नको. रात्री नऊच्या सुमारास, वायफाय बंद करून, मोबाइल डेटावर ते उघडून पाहा. जळगाव, सातारा, नागपूर इथल्या ओळखीच्यांनाही उघडायला सांगा. पहिला बाइट यायला लागणारा वेळ ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्ये दिसतो. तो दिवसा कमी आणि रात्री कित्येक पट होत असेल तर यंत्रावरची रांग हे बहुधा कारण आहे, मग दुसरा प्लॅन बघा. सतत सारखाच पण जास्त असेल तर सर्व्हर कुठल्या शहरात आहे ते विचारा.