फिट थांबल्या, तरी लक्ष का लागत नाही?

अपस्मार असलेल्या मुलाच्या फिट औषधाने थांबल्या की घरच्यांना हायसं वाटतं. तपासणीतही मुख्य प्रश्न एकच असतो: मधल्या काळात फिट आली का? पण शाळेतल्या तक्रारी चालूच राहतात. वही अर्धवट, सूचना निम्मीच ऐकलेली, गणितातली पायरी गाळलेली. खापर फुटतं ते आळसावर, लाडांवर नाहीतर गोळ्यांवर. प्रत्यक्षात अनेकदा तो एडीएचडी, म्हणजे अवधान-अभाव आणि अतिचंचलतेचा विकार असतो. एरवी मुलांमध्ये त्याचं प्रमाण ५ ते ७ टक्के असतं; अपस्मार असलेल्या मुलांमध्ये ते ३० टक्क्यांच्या आसपास जातं. त्यातही धावपळ, दंगा करणारी मुलं कमी आणि गप्प बसून हरवून जाणारी जास्त. म्हणूनच ती नजरेतून सुटतात, विशेषतः मुली.

फिट येऊन येऊन लक्ष बिघडतं, हा समज अपुरा आहे. नुकतंच अपस्माराचं निदान झालेल्या मुलांचा एक अमेरिकी अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्यातल्या ३१ टक्के मुलांना एडीएचडी होता, तुलनेसाठी घेतलेल्या निरोगी मुलांत ६ टक्के. एडीएचडी असलेल्यांपैकी ८२ टक्के मुलांची लक्षणं तर पहिली फिट लक्षात येण्याआधीच सुरू झाली होती. म्हणजे इथे दोष फिटचाही नाही आणि औषधाचाही नाही; तेव्हा औषध सुरूच झालेलं नव्हतं. दोन्ही विकारांची मुळं मेंदूच्या जडणघडणीत काही अंशी एकच असावीत. मेंदूचा पुढचा भाग आणि थॅलॅमस हा मेंदूच्या आत खोलवर असलेला भाग यांना जोडणारी चेतापेशींची मंडलं लक्ष टिकवण्याचं काम करतात, आणि काही प्रकारच्या झटक्यांत नेमकी तीच ओढली जातात.

सगळ्यात मोठी गफलत अ‍ॅब्सेन्स झटक्यांबाबत होते. हा फिटचाच एक प्रकार; हे झटके साधारण ४ ते १० वर्षांच्या वयात सुरू होतात. मूल पडत नाही, हातपाय आखडत नाहीत. ५ ते १५ सेकंद नजर स्थिर होते, कधी पापण्या फडफडतात, ओठ हलतात, आणि मूल काही घडलंच नाही अशा थाटात पुढे सुरू करतं. दिवसातून असं अनेक वेळा होतं. तंद्री आणि झटका ओळखण्याच्या खुणा आहेत. तंद्री कंटाळवाण्या कामात लागते. झटका बोलता बोलता, घास तोंडात असताना, आवडता खेळ रंगात आला असतानाही येतो. खांद्याला हात लावला की तंद्री मोडते, झटका मोडत नाही. डॉक्टर मुलाला ३ मिनिटं खोल आणि जलद श्वास घ्यायला लावतात. उपचार न घेतलेल्या बहुतेक मुलांत त्यावेळी झटका येतो आणि मेंदूलेखात (ईईजी) सेकंदाला सुमारे ३ या गतीने ठरावीक लहरी उमटतात. घरी मोबाइलवर काढलेला व्हिडिओ निदानाला फार मदत करतो. मात्र प्रत्येक चंचल मुलाचा मेंदूलेख काढत सुटणं बरोबर नाही. त्यात एखादी तीक्ष्ण लहर सापडली, पण झटके कधीच आले नाहीत, तर तेवढ्यावरून अपस्माराचं औषध सुरू करत नाहीत.

आता अपस्मारावरची औषधं. फेनोबार्बिटोनने काही मुलं जास्त चंचल होतात. टोपिरामेटने विचार मंदावतो, शब्द सुचत नाहीत. लेव्हेटिरासेटमने चिडचिड वाढू शकते. अ‍ॅब्सेन्स झटक्यांवरच्या २०१० मधल्या मोठ्या अमेरिकी चाचणीत एथोसक्सिमाइड आणि व्हॅल्प्रोएट यांचा गुण जवळपास सारखाच आला. पण चाचणीतल्या मोजमापानुसार काही महिन्यांनी व्हॅल्प्रोएट घेणाऱ्या ४९ टक्के मुलांत लक्षाची अडचण दिसली, एथोसक्सिमाइड घेणाऱ्यांत ३३ टक्के. औषध बदलल्यावर किंवा डोस वाढवल्यावर लक्ष घसरलं, तर तारखेसकट लिहून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. गोळी स्वतःहून बंद करू नका. अचानक थांबवली तर न थांबणारी, जिवावर बेतणारी फिट येऊ शकते.

अपस्मार आहे म्हणून एडीएचडीवरचा उपचार नाकारला जातो, हे फार वाईट घडतं. एडीएचडीवरच्या मिथाइलफेनिडेट या औषधाने फिट वाढतात ही भीती जुनी आहे, त्याच्या माहितीपत्रकातही सावधगिरीची सूचना असते. पण आजवरचे अभ्यास पाहता, फिट आटोक्यात असलेल्या मुलांत धोका वाढल्याचं दिसत नाही. बहुतेक वेळा कमी मात्रेपासून, अनेकदा ५ मिलिग्रॅमपासून सुरुवात करून हळूहळू वाढवतात आणि फिटची नोंद ठेवतात. कार्बामॅझेपिन हे अपस्माराचं औषध चालू असेल तर मिथाइलफेनिडेटचा परिणाम कमी पडू शकतो, तेव्हा दोन्ही औषधं डॉक्टरांना माहीत हवीत.

आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाच्या २०१८ मधल्या शिफारशीनुसार, अपस्मार असलेल्या मुलाची एडीएचडीसाठी चाचपणी वयाच्या सहाव्या वर्षापासून, किंवा अपस्माराचं निदान त्यानंतर झालं असेल तर त्या निदानाच्या वेळी, आणि पुढे दरवर्षी व्हावी. अपस्माराचं औषध बदललं की पुन्हा. त्यासाठी पालक आणि शिक्षक या दोघांनीही प्रश्नावली भरायची असते. उपचार सुरू झाल्यावर वजन, उंची, नाडी, रक्तदाब पाहतातच. झोपेकडेही तितकंच लक्ष द्या. मिथाइलफेनिडेटचा डोस उशिरा दिला तर झोप लांबते, आणि अपुरी झोप फिटला आमंत्रण देते. म्हणून दिवसाचा शेवटचा डोस किती वाजता द्यायचा, हे डॉक्टरांकडून नेमकं विचारून घ्या.